देदा ‘उतरव’ म्हणेपर्यंत

घरात पेटती काडी आणायची नाही, असा हुकूम ल्युमिर सेडलाचेक यांनी काढला आणि त्या दिवसापासून त्यांच्या घरात कुणाच्या पोटात काही गरम गेलं असेल, तर ते शेजाऱ्यांच्या कृपेने. हुकमाला कारण होतं. जेवणाच्या खोलीत, जिथे टेबल असायचं तिथे, आता देदांचा पलंग होता. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र होतं आणि ते बसवायला आलेला माणूस जाताजाता सांगून गेला होता की यंत्रापासून दहा फुटांच्या आत ज्योत नको. साध्या माणसाने हे ऐकून मान डोलावली असती. पण ल्युमिर सेडलाचेक साधे नव्हते. ते बेल्वा गावच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचे उपप्रमुख होते आणि पोटापाण्यासाठी विमा विकत. तोही आगीचा. म्हणजे आग लागण्याआधी, लागल्यावर आणि विझल्यावर, तिन्ही वेळा गावकऱ्यांची गाठ त्यांच्याशीच. त्यांनी टेप आणून पलंगापासून गॅसपर्यंतचं अंतर मोजलं. ते दहाच्या आत भरलं. त्यांनी भिंतीजवळची गॅसची तोटी पान्याने आवळली आणि पाना स्वतःच्या खिशात टाकला.

त्यांची मुलगी डोरीन, हिला त्याच आठवड्यात पंधरावं लागलं. केकवर मेणबत्त्या टोचल्या होत्या, फक्त पेटवल्या नव्हत्या.

“मार फुंकर,” डॅडी म्हणाले.

डोरीनने न पेटलेल्या मेणबत्त्यांवर फुंकर मारली. डॅडींनी आणि मम्मीने टाळ्या वाजवल्या. पलंगावरून देदांनी विचारलं, “विझल्या का?”

“विझल्या, देदा.”

“एका दमात? शाबास.”

देदांची नजर गेली होती, कान मात्र शाबूत होते. देदा म्हणजे डोरीनचे आजोबा, एमिल सेडलाचेक. त्यांचे आजोबा बोहेमियातून अमेरिकेत, नेब्रास्कात आले तेव्हा बरोबर आणलेल्यांपैकी दोनच गोष्टी आता घरात उरल्या होत्या. एक हा ‘देदा’ शब्द आणि दुसरं एक बिडाचं पातेलं, जे उचलताना माणसाला आपल्या पूर्वजांच्या दंडांबद्दल आदर वाटे.

त्या पातेल्यात दर रविवारी संध्याकाळी लाह्या होत. बेल्वाच्या खोऱ्यात रविवारी दुपारी दाबून जेवायचं आणि रात्री लोणी ओतलेल्या मक्याच्या लाह्या, सफरचंदाच्या फोडी आणि दूध, एवढंच खायचं, ही रीत. पण सेडलाचेकांकडे त्याला जरा जास्त मान होता, कारण देदांनी जन्मभर लाह्यांचाच मका पिकवला होता. मम्मी किंवा डोरीन पातेलं हलवायची आणि देदा गॅसकडे पाठ करून टेबलाशी बसायचे. आधी एक दाणा फुटायचा, मग चार, मग झाकणाखाली नुसती गारपीट. मग ती ओसरायला लागायची. सगळे गप्प बसायचे. आणि एका नेमक्या क्षणाला देदा म्हणायचे, “उतरव.” त्याच्या आधी उतरवलं तर तळाशी दाणे राहणार, नंतर उतरवलं तर करपणार. तो क्षण घरात दुसऱ्या कुणालाच ओळखता येत नसे, कारण कधी गरजच पडली नव्हती.

आता देदांनी बरेच दिवस काही खाल्लं नव्हतं. शुक्रवारी घरी तपासायला येणारी नर्स मम्मीला बाजूला घेऊन म्हणाली होती, “आता खाण्याचा आग्रह करू नका.” मम्मीने ते डॅडींना सांगितलं. डॅडी म्हणाले, “बरं.” आणि गॅरेजमध्ये जाऊन त्यांनी बराच वेळ काहीतरी झाडलं. शनिवारी फादर कुबिक मरणाआधीची प्रार्थना म्हणून शेवटचं तेल लावायला आले, तेव्हा डॅडींनी त्यांच्या हातातली मेणबत्ती दारातच काढून घेतली. फादरांनी ती आहे असं समजून प्रार्थना उरकली. देवालाही तसंच समजून घ्यावं लागलं असणार.

आणि रविवारी, उन्हं उतरायच्या सुमाराला, देदांनी डोळे उघडले.

“आज वार कोणता?”

“रविवार, देदा.”

“मग पातेलं कुठंय?”

मम्मी घरात नव्हती. त्या रविवारी तिची कामाची पाळी होती, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात, दुसऱ्यांच्या म्हाताऱ्यांना भरवायला. डोरीनने डॅडींकडे पाहिलं. डॅडींनी खिशातल्या पान्यावर हात ठेवला.

“पपा, तुम्हाला गिळता येत नाही.”

“गिळायचंय कुणाला? ऐकायचंय.”

“काय ऐकायचंय?”

“लाह्या. तीन आठवडे हा पंप ऐकतोय उशाशी. शेवटी काय, हाच ऐकत जाऊ?”

 डॅडी नियम सांगायला लागले. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, देदा काहीतरी उत्तर देतील. देदांनी तोंड भिंतीकडे वळवलं. गेल्या तीन आठवड्यांत त्यांनी एवढी मोठी हालचाल केली नव्हती.

एवढ्यात मिसेस स्वान्सन मागच्या दाराने आत आल्या. त्या शेजारच्या. त्यांचं स्वयंपाकघर आणि सेडलाचेकांचं मागचं अंगण यांच्या मध्ये एक कुंपण आणि मिसेस स्वान्सन यांची खिडकी, एवढंच होतं. त्यांच्या हातात नूडल आणि मासळी घालून भाजलेला ट्रे होता, ओळीने पाचवा. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “अगं, एवढंच ना? माझ्याकडे त्या नव्या पिशव्या आहेत. मायक्रोवेव्हमध्ये टाकायची, की झालं. ज्योत नाही, तेल नाही, आणि लोणी आतच.”

लाह्यांच्या मक्यावर उभ्या राहिलेल्या घरात आजवर अशी पिशवी आली नव्हती. पण डॅडींचा चेहरा उजळला, कारण नियमांत मायक्रोवेव्हचं नाव कुठेच नव्हतं. पिशवी आली, पाठोपाठ मिसेस स्वान्सन यांचा मायक्रोवेव्हही आला, पिशवी त्यात गेली, फुगली, आणि शेवटी मायक्रोवेव्हने शिट्टी मारली. डोरीन धावत देदांपाशी गेली.

“ऐकलंत का, देदा?”

“ऐकलं. पिशवीत तोंड घालून कोण शिंकत होतं?” मग त्यांनी वास घेतला. “आणि बूट कुणाचा जळतोय?”

मिसेस स्वान्सन यांनी ट्रे जरा जोरातच ठेवला.

आता डॅडींनी ठरवलं की रीतसर परवानगी घ्यावी. यंत्रावर एक फोन नंबर चिकटवलेला होता. तो लावल्यावर फार लांबच्या कुठल्यातरी ऑफिसातली बाई बोलायला लागली. डोरीन रिसिव्हरला कान लावून उभी होती.

“आणीबाणी आहे का, सर?”

“तशी नाही. म्हणजे आहे. माझे वडील…”

“पेशंटला श्वास घ्यायला त्रास होतोय?”

“तो होतोच. मला विचारायचं होतं की थोडा वेळ ज्योत पेटवली तर…”

“ज्योत कशासाठी, सर?”

डॅडींनी एकदा भिंतीकडे पाहिलं. “वैयक्तिक कारण आहे.”

“सर, धूम्रपानासाठी परवानगी देता येत नाही.”

“धूम्रपान नाही हो. लाह्या.”

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती बाई म्हणाली की यंत्र थोडा वेळ बंद ठेवायचं तर डॉक्टरांची सही लागेल. डॉक्टरांकडे फोन केला. डॉक्टरांच्या बायकोने सांगितलं की तितरांची शिकार परवाच सुरू झालीय, डॉक्टर अंधार पडेपर्यंत शेतातच असणार, आणि फारच तातडीचं असेल तर मधल्या रस्त्याने जाऊन हाका माराव्यात, पण चुकून गोळी लागू नये म्हणून लाल टोपी घालून.

डॅडींनी फोन ठेवला. मग टेप काढला आणि पलंगापासून मागच्या पडवीच्या टोकापर्यंत मोजलं. दहा फुटांहून बरंच जास्त भरलं. जेवणाच्या खोलीची एक खिडकी पडवीत उघडायची. डॅडींनी ती स्वतः वीतभर वर सरकवली.

“सहलीची शेगडी आण,” ते म्हणाले. “आणि तो लाल डबाही, आग विझवायचा.”

डोरीनला इतका आनंद झाला की ती गॅरेजपर्यंत धावत गेली आणि डबा विसरून आली.

पडवीत पोतंभर कणसं पडली होती. देदांचं शेत आता दुसरा माणूस खंडाने करत होता. या सालची पहिली कणसं त्यानेच मालकाचा मान म्हणून आणून टाकली होती. लाह्यांच्या मक्याचं एक असतं. तो कणसासकट हवेशीर वाळायला लागतो, चांगले काही आठवडे, नाहीतर दाणा फुटत नाही, नुसता चरफडतो. हे त्या खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण डॅडी अठराव्या वर्षीच शेती सोडून विम्यात गेले होते.

“डॅडी, ओला नाही ना?”

डॅडींनी एक दाणा दातांखाली धरला, अगदी देदा धरायचे तसा. मग लांब बघत विचार केला, तोही देदांसारखाच.

“चालेल,” ते म्हणाले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी सांगितली नसती तर बरं झालं असतं, असं डोरीन म्हणेल. त्याच महिन्यात, आगीपासून सावध राहण्याचा सप्ताह म्हणून, डॅडी तिच्या शाळेत आले होते. पूर्ण पोशाखात, शिरस्त्राण घालून. कपडे पेटल्यावर जमिनीवर कसं लोळायचं, हे त्यांनी लोळून दाखवलं होतं. मग अख्ख्या वर्गाकडून मोठ्याने वदवून घेतलं होतं, “भांडं पेटलं तर झाकण ठेवा. आच बंद करा. मागे व्हा. भांडं उचलून कधीही, कधीही पळू नका.” डोरीन पहिल्या बाकावर होती. मागच्या बाकावरची पोरं अजूनही मधल्या सुट्टीत तिला बघून तेच म्हणत.

तर पातेल्यात तेल तापलं. रिवाजाप्रमाणे आधी तीनच दाणे टाकायचे आणि ते फुटले की बाकीचे. डॅडींनी तीन दाणे टाकले आणि दोघं बघत बसले. दाणे तेलात सुस्कारे टाकू लागले.

“लाजतायत,” डॅडी म्हणाले, आणि त्यांनी बाकीचे सगळे ओतले.

सगळे मिळून लाजायला लागले. झाकणाच्या कडेने वाफ आली, मग वाफेला जरा काळसर रंग आला. डॅडींनी आच वाढवली.

“देदांना विचारू का?” डोरीन म्हणाली.

“कशाला? मला काय कळत नाही? लोण्याने मोकळे होतील.”

लोणी नंतर घालायचं असतं, वेगळं वितळवून, लाह्या परातीत काढल्यावर. हे डोरीनला माहीत होतं. डॅडींनाही माहीत होतं. पण माणूस एकदा ‘मला काय कळत नाही’ म्हणाला की पुढचा थोडा वेळ त्याला खरोखरच काही कळत नाही. त्यांनी लोण्याची अख्खी वडी पातेल्यात सोडली. लोणी उसळलं, कडेवरून सांडलं, शेगडीत पडलं, आणि पातेल्याच्या डोक्यावर एक पिवळा झगझगीत तुरा उभा राहिला.

“डॅडी, झाकण.”

“झाकण कुठंय?”

“तुमच्या हातात.”

डॅडींनी हातातल्या झाकणाकडे पाहिलं. मग ते त्यांनी नीट, जपून, बाकावर ठेवलं, दोन्ही हातांनी पातेलं उचललं आणि पळाले.

पडवीच्या पायऱ्या उतरून ते अंगणात गेले आणि जे पहिलं मऊ दिसलं त्यात त्यांनी पातेलं टाकलं. ते मऊ म्हणजे मेपलच्या वाळक्या पानांचा ढीग. शनिवारचा सगळा दिवस घालवून, आगीचा धोका नको म्हणून, तो त्यांनी स्वतःच झाडून एका जागी रचला होता.

ढिगाने पेट घेतला तो फार सुंदर, असं डोरीनला वाटलं, आणि असं वाटल्याची तिला लगेच लाज वाटली. धूर पडवीत आला, खिडकीच्या वीतभर फटीतून आत गेला, आणि डॅडींनी खोलीखोलीत बसवलेल्या धुराच्या घंटा एकापाठोपाठ एक किंचाळायला लागल्या. डोरीनने धावत जाऊन खिडकी लावली.

“हा लाह्यांचा आवाज नाही,” देदा आतून म्हणाले.

कुंपणापलीकडे मिसेस स्वान्सन यांच्या खिडकीचा पडदा हलला. आणि थोड्याच वेळात डॅडींच्या कमरेचा पेजर करकरला. त्यातून एक शांत बायकी आवाज म्हणाला, “बेल्वा अग्निशमन दल. आग. एल्म रस्ता, सेडलाचेक यांचं घर.”

पाण्याच्या टाकीवरचा भोंगा गावभर विव्हळू लागला. डॅडी पानांवर फावडं आपटत होते. ते थांबले. “आलोच,” ते म्हणाले, इतक्या वर्षांच्या सवयीने, आणि फावडं टाकून गॅरेजकडे धावले. डोरीनने होज पाइप जोडून पाणी सोडेपर्यंत ते परत आले, बूट, कोट, शिरस्त्राण, सगळं चढवून, गाडीची किल्ली हातात घेऊन. आणि अंगणाच्या मधोमध उभे राहिले, कारण जायला कुठे नव्हतंच.

बंब आला. दलाचे प्रमुख डेल्मर हुबका आणि आणखी तिघं उतरले. डेल्मरच्या गळ्यात रुमाल तसाच खोचलेला होता आणि चौघांच्याही हातांना लोण्याचा वास येत होता. रविवारची संध्याकाळ होती, सगळं गाव लाह्या खात होतं.

“ल्युमिर,” डेल्मर म्हणाले, “आज तू सगळ्यांच्या आधी पोचलास.”

ढीग विझायला फार वेळ लागला नाही. राखेतून पातेलं निघालं. त्याला काहीही झालं नव्हतं. डेल्मरनी ते पाहिलं, मग शेगडी पाहिली, मग मधलं अंतर पाहिलं.

“भांडं उचलून कोण पळालं?”

तिघं स्वयंसेवक आपापल्या बुटांचं निरीक्षण करू लागले. डोरीनने तोंड उघडलं, आणि डॅडींचा चेहरा बघून मिटलं. शिरस्त्राणाखाली त्यांचा चेहरा एकदम लहान दिसत होता, वर्गातल्या मागच्या बाकावरच्या पोरासारखा.

“मी,” डोरीन म्हणाली.

“मी,” डॅडी म्हणाले. “ती नाही. मी. पपांना फक्त ऐकायचं होतं, डेल्मर. आणि मला तेवढंही…”

 डेल्मरनी गळ्यातला रुमाल काढला आणि घडी घालून खिशात ठेवला. धूर निवळला होता. डोरीनने खिडकी पुन्हा वीतभर वर केली आणि आतून आवाज आला, बारीक, पण प्रत्येक शब्द वेगळा.

“डेल्मर का रे तो?”

“होय, मिस्टर सेडलाचेक.”

“ओला होता मका. चरफडत होता. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण हे विमावाले.” मध्ये दम घ्यायला ते थांबले. पंप फुसफुसला. “तळघरात बरणी आहे. गेल्या सालची.”

डोरीन तळघरात उतरली. बरणी घेऊन ती देदांपाशी गेली आणि तिने ती त्यांच्या कानापाशी हलवली. देदांनी ऐकलं. “हा,” ते म्हणाले. “जा. तू हलव. तुझ्या बापाच्या हातात देऊ नकोस.”

मग बेल्वाच्या इतिहासात पहिल्यांदाच पूर्ण अग्निशमन दलाच्या देखरेखीखाली लाह्या झाल्या. एक जण पाइप धरून पायरीवर उभा, एक लाल डबा घेऊन दाराशी, एकाच्या हातात झाकण, आणि त्याने ते कुठेही ठेवायचं नाही असा प्रमुखांचा हुकूम. डोरीनने पातेलं मीठ लावून पुसलं, तेल ओतलं, तीन दाणे टाकले. मिसेस स्वान्सन कुंपणापाशी आल्या होत्या. आपणच फोन केला, हे त्यांनी कुणी न विचारता सांगून टाकलं.

पहिला दाणा फुटला. दुसरा. तिसरा.

तिने बरणी रिकामी केली, झाकण घातलं आणि दोन्ही हातांनी पातेलं पुढेमागे ओढायला लागली. खिडकीकडे तिची पाठ होती. आधी सुटे सुटे दाणे फुटले, मग एकदम सगळे, झाकण उचललं जाईल इतके, आणि तेवढ्यात मागून, खिडकीच्या फटीतून, ऐकू आलं, “हं.” मोठ्याने नाही. जेवून झाल्यावर माणूस म्हणतो तसं.

डोरीन हसली. डॅडीही हसले. त्यांचं शिरस्त्राण अजून डोक्यावर होतं.

मग गारपीट ओसरायला लागली. डोरीन गप्प झाली, सगळेच गप्प झाले, कारण आता देदा सांगणार होते. दाणे थांबून थांबून फुटत होते. एक. मग जरा वेळाने एक. डोरीनचे हात तयार होते. आणखी एक फुटला, आणि त्याच्यानंतरची शांतता लांबली.

आतून पंपाचा आवाज येत होता. फुस, फुस, फुस.

पातेल्यातून करपल्याचा बारीक वास आला. डोरीनला तो आला, डॅडींनाही आला, डेल्मरनाही. कुणी हललं नाही. डॅडींनी हात पुढे केला आणि तो तसाच हवेत राहिला. वास वाढला. चार अग्निशामक, एक उपप्रमुख आणि एक मुलगी एका जळत्या पातेल्याभोवती उभी होती आणि एकही जण मागे वळून खिडकीत बघत नव्हता.

“उतरवू का, देदा?” डोरीनने विचारलं.

तिने वाट पाहिली. मग तिने पातेलं उतरवलं.

डॅडी आत गेले. बाहेर आले तेव्हा शिरस्त्राण त्यांच्या हातात होतं. बाकीच्यांनीही आपापली काढली. डॅडी परत आत गेले आणि पंपाचा आवाज बंद झाला. मग स्वयंपाकघरात खिशातून काहीतरी बाहेर आल्याचा खणखणाट झाला, भिंतीजवळची तोटी करकरली, आणि काडी ओढल्याचा आवाज आला. त्यांनी कॉफीचं आधण ठेवलं होतं. दुसऱ्या शेगडीवर लोणी वितळायला ठेवलं होतं. मग त्यांनी मम्मीला फोन लावला, आणि तेवढा वेळ डोरीन देदांचा हात धरून बसली. हात अजून गरम होता.

रविवार होता आणि रात्रीच्या जेवणाची वेळ झाली होती, म्हणून लाह्या परातीत काढल्या गेल्या आणि डॅडींनी वरून लोणी ओतलं. मेणबत्ती डोरीनने लावली, देदांच्या उशाशी, न विचारता. सगळे पलंगाभोवती मिळेल त्या खुर्चीवर बसले, बूट चिखलाने भरलेले, आणि परात हातोहात फिरली. बराच वेळ नुसता चावण्याचा आवाज होता.

मिसेस स्वान्सन यांनी एक लाही उचलली, उजेडात धरली, आणि त्यांच्याच्याने राहवलं नाही.

“जरा करपल्यात,” त्या म्हणाल्या.

“हो,” डॅडी म्हणाले. “सांगणारं कुणी नव्हतं.”